सर्वसाधारण हात

तक्ता अठरा रकान्यांचा होता. सतरावा रकाना भरून होतो न होतो तोच त्यावर चहा सांडला.

"जरा सरकून बस," तक्तेसाहेब म्हणाले.

"आणखी किती सरकू? पुढे सोफा संपतो," त्यांची बायको म्हणाली आणि फडकं घेऊन आली.

"पुसू नकोस. शाई पसरेल. नुसतं टिप."

हा सोफा तक्तेसाहेबांनी आठ वर्षांपूर्वी याच कारणासाठी घेतला होता. दोघं शेजारी बसून चहा प्यायला लागली की कोपराला कोपर लागायचा आणि कुणाचा तरी कप कलंडायचा. जुना सोफा अरुंद आहे असा निष्कर्ष काढून त्यांनी तीन महिने खपून अकरा रकान्यांचा तक्ता केला आणि नऊ इंच जास्त रुंदीचा सोफा आणला. चहा सांडतच राहिला. पण निवड चुकली असं त्यांना कधी वाटलं नाही. नऊच्या जागी बारा इंच हवे होते, इतकंच.

तक्तेसाहेब हे अर्थातच त्यांचं नाव नव्हतं. पाणीपुरवठा कार्यालयाच्या खरेदी शाखेत सव्वीस वर्षं तुलनात्मक तक्ते करता करता ते मिळालं होतं. या काळात त्यांनी एक्केचाळीस पंप खरेदी केले होते आणि त्यांतला एकही चालताना पाहिला नव्हता. पंप बघायला गेलं की पंपाविषयी मत बनतं आणि मत बनलं की तक्ता बिघडतो, असं ते नव्या कारकुनांना सांगत. कारकून ते लिहून घेत.

सध्याचा तक्ता मात्र घरचा होता. त्यात नऊ पिस्तुलं होती.

पिस्तूल बायकोला हवं होतं. ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. 'श्वास घ्या, रोखून धरा, सोडा' असं दिवसभर लोकांना सांगण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याजवळच्या नेमबाजीच्या क्लबात ती मैत्रिणीच्या सोबतीला म्हणून गेली. तिथल्या प्रशिक्षकांनी तिच्या हातात छर्ऱ्यांचं, हवेवर चालणारं पिस्तूल दिलं आणि सांगितलं, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच दुसरं कुणीतरी तिला म्हणत होतं. मैत्रीण महिन्याभरात कंटाळली. ही राहिली.

क्लबात पूर्ण आकाराचं पिस्तूल एकच होतं. बाकीची मुलांच्या सरावाची, आखूड आणि हलकी. ते एकुलतं एक पिस्तूल जुनं होतं, त्याची साधी लाकडी मूठ कुणाच्याही हातात कशीबशी बसायची आणि दर महिन्याला ते कुणाच्या तरी नावावर दिलं जायचं. सध्या ते हिच्या नावावर होतं. महिनाअखेरच्या रविवारी क्लबाचा तीन जणांचा संघ निवडायचा होता. पहिल्या दोन जागा ठरल्यात जमा होत्या. तिसऱ्या जागेसाठी ती आणि एक वकीलबाई यांच्यात चुरस होती. चार महिने कधी ही दोन गुणांनी पुढे, कधी त्या. 'स्वतःचं पिस्तूल असतं तर बरं झालं असतं,' असं ती एकदा जेवताना म्हणाली. ते तक्तेसाहेबांच्या कानावर पडलं आणि विषय तिच्याकडून गेला तो गेलाच.

"दुकान दवाखान्यापासून दहा मिनिटांवर आहे," ती तेव्हा म्हणाली होती. "शनिवारी जाऊ. दोन-चार हातात धरून बघते. बसेल ते घेऊ."

तक्तेसाहेबांनी घास खाली ठेवला. "हातात धरून?"

"मग कशात धरून?"

"अगं, मालाला हात लावला की माणूस मालाच्या बाजूचा होतो. आमच्याकडे एवढ्या एका कारणावरून लोकांच्या चौकशा लागल्यात."

"पण धरायचं मलाच आहे ना?"

"म्हणूनच. वापरणाऱ्याने गरज लिहून द्यायची आणि बाजूला व्हायचं. मग बघ, किती किफायतशीर मिळतं ते."

"म्हणजे स्वस्त?"

"स्वस्त म्हणजे किंमत कमी. किफायतशीर म्हणजे ती कमी का, हे लिहून दाखवता येणं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला 'वापरकर्त्याची गरज' असं शीर्षक घातलेला कोरा कागद दिला. तिने उभ्याउभ्या तीन ओळी लिहून परत केला. त्या वेळी तक्तेसाहेब तिसऱ्या आणि पाचव्या पिस्तुलाच्या वजनातला चाळीस ग्रॅमचा फरक तपासत होते. त्यांनी कागद घेतला, खाली 'पाहिले' असा शेरा मारला, सही केली, तारीख आणि वेळ घातली आणि कागद फायलीत लावला.

"वाचलंत ना?" तिने विचारलं.

"पाहिलं," तक्तेसाहेब म्हणाले.

पुढचे दोन महिने घरात पिस्तुलाशिवाय विषय नव्हता. नळीची लांबी, ट्रिगरचा ताण किती कमी-जास्त करता येतो, एका भरलेल्या नळकांड्यात किती छर्रे सुटतात, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, सगळ्याला रकाना होता. सोबतच्या पेटीच्या कुलपालाही होता. शेवटी चौथ्या क्रमांकाचं पिस्तूल सगळ्यांत किफायतशीर ठरलं. तक्तेसाहेबांनी दुकानदाराला फोन लावला. ग्राहक स्वतः येणार नसेल तर निदान हाताची बाह्यरेषा कागदावर काढून पाठवा, म्हणजे मुठीचं माप ठरवता येईल, असं त्याने सांगितलं.

तक्तेसाहेबांनी बायकोला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. तिने उजव्या हाताने कागद दाबून धरला, डावा पंजा त्यावर पसरला आणि तक्तेसाहेबांनी भोवतीने पेन्सिल फिरवली. रेघ अंगठ्याशी जरा वाकडी गेली होती, म्हणून त्यांनी ऑफिसात नेऊन तिची स्वच्छ प्रत काढली आणि तीच पाठवली.

दोन दिवसांनी दुकानदाराचा फोन आला.

"साहेब, हाताचा कागद मिळाला. हा कुठला हात?"

"माझ्या बायकोचा."

"ते आहेच हो. उजवा की डावा, ते विचारतोय. नुसत्या रेघेवरून कळत नाही. कागद उलटा धरला की दुसरा होतो."

तक्तेसाहेबांना प्रश्न जरा आगाऊ वाटला. "सर्वसाधारण हात आहे," ते म्हणाले. "सही करते, जेवते, सगळं व्यवस्थित आहे."

"म्हणजे उजवा लिहू?"

"आणखी काय लिहिणार?"

"बाईंना एकदा विचारता का? या मुठी हाताप्रमाणे कोरलेल्या असतात. एका हाताची दुसऱ्या हाताला चालत नाही."

"खरेदी मी करतोय," तक्तेसाहेब म्हणाले आणि त्यांनी विषय भावाकडे वळवला. अर्ध्या तासाने दुकानदार टेकीला आला. देतो म्हणाला, पण या भावात माल परत घेणार नाही. तक्तेसाहेब मनापासून हसले. परत करायचा असता तर तक्ता कशाला केला असता, असं त्यांनी त्याला विचारलं.

पिस्तूल गुरुवारी येणार होतं. बुधवारी ऑफिसला जाताना तक्तेसाहेबांनी फळीवरची, क्लबातल्या पिस्तुलाच्या कपाटाची किल्ली घेतली, क्लबाच्या फाटकाजवळच्या खिडकीत दिली आणि जुनं पिस्तूल परत केल्याची पोच घेतली. संध्याकाळी त्यांनी ती बायकोला दाखवली.

"नवं हातात यायच्या आधी जुनं दिलंत?"

"दोन्ही एकाच वेळी तुझ्या नावावर असणं बरं दिसत नाही."

"कुणाच्या नावावर गेलं ते?"

"कुणी वकीलबाई होत्या. खिडकीशीच उभ्या होत्या. फार आभार मानले त्यांनी."

बायकोने पोच घेतली, दोनदा वाचली आणि परत दिली.

नवं पिस्तूल घरी उघडायचं नाही, क्लबात चारचौघांसमोर उघडायचं, असा तक्तेसाहेबांचा आग्रह होता. मालाची पेटी नेहमी साक्षीदारांसमोर फोडावी. गुरुवारी संध्याकाळी ते फाईल काखेत मारून क्लबात गेले. दोन वर्षांत फाटकाच्या आत जायची त्यांची ही पहिलीच वेळ. दहा-बारा नेमबाज आपापला सराव थांबवून जमले. चष्म्याचं दुकान बंद करून प्रशिक्षक झालेले एक वयस्क गृहस्थ तिथे होते. त्यांना सगळे चष्मेवाले काका म्हणत. कोपऱ्यात वकीलबाई जुन्या पिस्तुलाची नळी पुसत होत्या.

तक्तेसाहेबांनी निवडीची पद्धत थोडक्यात म्हणजे वीस मिनिटांत समजावून सांगितली. मग पेटी उघडली. पिस्तूल खरंच देखणं होतं. काकांनी मान डोलावली. बायकोने ते उचललं, हातात धरायला गेली आणि थांबली. पुन्हा धरलं. तळहाताखाली यायची लाकडाची कड बोटांच्या पेरांत रुतत होती आणि अंगठ्याच्या खोबणीत अंगठ्याऐवजी दुसरंच काहीतरी जात होतं.

"अहो," ती हळू म्हणाली.

"काय झालं?"

"बसत नाहीये."

तक्तेसाहेबांनी पाहिलं. खरंच बसत नव्हतं. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "माल सदोष आहे," त्यांनी सर्वांना सांगितलं.

"तसं नाही हो. ऐका ना जरा."

"तू थांब. वापरणाऱ्याने पुरवठादाराशी परस्पर बोलू नये." त्यांनी फोन काढला, दुकानदाराला लावला आणि सर्वांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. "तुम्ही पाठवलेली मूठ सदोष आहे. माझ्यासमोर बारा साक्षीदार आहेत."

"असं कसं होईल, साहेब? मी स्वतः तपासून पाठवलीय. बाईंनी कुठल्या हातात धरलंय?"

"ज्या हातात धरायचं त्याच."

"पण कुठल्या?"

"अहो, बावीस वर्षं बघतोय तो हात मी. तुम्ही मला हात शिकवू नका."

चष्मेवाले काका खोकले. कुणीतरी हवा भरायचं यंत्र बंद केलं. बायको पुन्हा "अहो" म्हणाली, पण तोवर तक्तेसाहेबांनी फाईल उघडली होती.

"मागणीत काय होतं ते तुम्हाला वाचूनच दाखवतो," ते फोनवर वाकून म्हणाले. मग चौकशी समितीपुढे वाचतात त्या आवाजात त्यांनी सुरुवात केली. "'वापरकर्त्याची गरज. एक. मी डावखुरी आहे. मूठ डाव्या हाताची हवी.'"

ते पुढेही वाचत गेले. सव्वीस वर्षांची सवय एका वाक्यापाशी थांबत नाही. "'दोन. वजन एक किलोच्या आत. तीन. बाकी काही नसलं तरी चालेल, पहिलं तेवढं नक्की बघा.' खाली शेरा, पाहिले. सही. दिनांक. सायंकाळी सहा वाजून पाच..."

मिनिटं त्यांच्या तोंडून निघाली नाहीत.

टेबलावरच्या फोनमधून दुकानदाराचा आवाज आला, "साहेब, पहिलं कलम परत वाचता का? मला नीट ऐकू आलं नाही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर तक्तेसाहेबांना ते जास्त सोपं गेलं असतं. सगळे एकदम फार कामात पडले. कुणी छर्रे मोजायला लागलं, कुणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. काकांनी फोन उचलून दुकानदाराला विचारलं. डाव्या हाताची मूठ वेगळी मिळते, पण यायला सहा आठवडे लागतात, असं उत्तर आलं. निवड रविवारी होती. बायकोने पिस्तूल पेटीत ठेवलं, पेटी मिटली आणि कुलूप लावलं. कुलूप उत्तम होतं. त्याला तक्त्यात दहापैकी नऊ गुण होते.

घरी दोघं चालत निघाली. एका वळणानंतर तक्तेसाहेब म्हणाले, "पण तू लिहितेस तर उजव्या हाताने."

"शाळेत बाई पट्टी घेऊन उभ्या राहायच्या. लिहिणं आणि जेवण तेवढं बदललं. बाकीच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं." थोडं चालून झाल्यावर ती म्हणाली, "अजून नाहीये."

तक्तेसाहेबांनी पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"आमच्याकडे एक्स-रेला पहिल्या दिवशी काय शिकवतात माहितीये?" ती म्हणाली. "माणसाला बाजू विचारा. नाव चुकलं तर खोडून दुरुस्त करता येतं. बाजू चुकली तर चांगला पाय जातो."

"मी काकांशी बोलतो. काहीतरी मार्ग..."

"मार्ग एकच आहे. ते जुनं पिस्तूल. आणि ते मी मागणार नाही. ज्याने परत केलं त्याने मागावं."

दारापाशी आल्यावर तिने किल्ली काढून कुलूप उघडलं. डाव्या हाताने. तक्तेसाहेब मागे उभे राहून बघत होते.

शुक्रवारी त्यांनी ऑफिसला रजा टाकली. बायकोची त्या दिवशी दुपारची पाळी होती, त्यामुळे सकाळभर ती घरात होती. तक्तेसाहेब वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले आणि त्यावरून बघत राहिले. भाजी चिरायचा चाकू डाव्या हातात. पातेल्यातला डाव डाव्या हातात. गॅस पेटवणं, बरणी उघडणं, बटण शिवणं, सगळं डाव्याने. फोन आला तर तोही डाव्या हातात, डाव्या कानाला. कात्री मात्र उजव्या हाताची होती आणि ती तिच्या डाव्या अंगठ्यावर घासून घासून तिथे घट्टा पडला होता. कात्री तक्तेसाहेबांनीच आणली होती, पाच रकान्यांतून. वर्तमानपत्राच्या कडेवर त्यांनी नकळत दोन रकाने आखले होते, 'काम' आणि 'हात'. सतरा ओळी झाल्यावर आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तेवढा कागद फाडून खिशात कोंबला.

मग तिने चहा आणला आणि शेजारी, नेहमीच्या जागी बसली. त्यांचा कप त्यांच्या उजव्या हातात होता. तिचा तिच्या डाव्या हातात. दोन्ही कोपर मधे, एकमेकांसमोर आलेले.

तक्तेसाहेबांनी सोफ्याकडे पाहिलं. नऊ इंच. बावीस वर्षं ते तिला सरकायला सांगत होते.

शनिवारी सकाळी ते वकीलबाईंच्या ऑफिसात गेले. बाहेरच्या बाकावर भाडेकरूंचे खटले असलेल्या लोकांत बसून त्यांनी पाऊण तास वाट पाहिली. आत बोलावलं तेव्हा वकीलबाईंनी त्यांना ओळखलं आणि चष्मा काढून ठेवला.

"बोला. सदोष मालाबद्दल आलात?"

"नाही. ते जुनं पिस्तूल. उद्यापुरतं मिळालं तर."

"हे मागतंय कोण? त्या की तुम्ही?"

"मी. तिने मला पाठवलेलंही नाही."

"त्यांचे गुण जास्त झाले तर मी संघाबाहेर जाते, हे ठाऊक आहे ना?"

"हो."

"म्हणजे माझ्याविरुद्धचा पुरावा मीच तुमच्या हातात द्यायचा."

तक्तेसाहेब बुटांकडे बघत बसले. पुष्कळ वर्षांत त्यांच्यावर समोरच्या खुर्चीत बसायची वेळ आली नव्हती.

"देते," वकीलबाई म्हणाल्या. "दोन अटी आहेत. पहिल्या फेरीत मी मारणार, दुसऱ्या फेरीत त्या. आणि उद्या तुम्ही यायचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसायचं. कागद, पेन, फाईल काही आणायचं नाही."

"मी बसून काय उपयोग?"

"दोन वर्षं त्या दर स्पर्धेला एक खुर्ची धरून ठेवतात. आम्ही आधी समजलो, तुम्ही हयात नाही."

रविवारी तक्तेसाहेब त्या खुर्चीत बसले. हातात काही नसल्यामुळे हातांचं काय करायचं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते मांडीखाली घेतले. पहिल्या फेरीत वकीलबाईंनी सहाशेपैकी पाचशे एक्केचाळीस गुण मिळवले. काकांनी आकडा फळ्यावर लिहिला. वकीलबाईंनी तो पाहिला, पिस्तूल पुसलं आणि तक्तेसाहेबांच्या बायकोपुढे ठेवलं.

दुसऱ्या फेरीत सहा जण रांगेत उभे राहिले. पाच जणांनी उजवा खांदा पुढे केला होता आणि त्यांची तोंडं एका बाजूला होती. सहावी, भिंतीलगतच्या पहिल्या जागेवर, डावा खांदा पुढे करून त्या पाचही जणांकडे छाती करून उभी होती. खोलीत पाऊल टाकणाऱ्या कुणालाही हे पहिल्या क्षणी दिसलं असतं. तक्तेसाहेबांना दोन वर्षं लागली, आणि गुरुवारी पाऊल टाकूनही दिसलं नव्हतं.

तिने हात वर नेला. श्वास घेतला, रोखून धरला. तक्तेसाहेबांनीही रोखून धरला. छर्रा सुटला. असं साठ वेळा झालं. तिची मान ताठ होती, उजवा हात खिशात होता आणि चेहऱ्यावर जो भाव होता तो तक्तेसाहेबांनी घरात कधी पाहिला नव्हता. घरात कदाचित तो त्यांच्या पाठीमागे येत असावा. चाळिसाव्या छर्ऱ्याला त्यांच्या लक्षात आलं की आपण चालू असलेली वस्तू पहिल्यांदाच बघतोय.

काकांनी भिंग लावून शेवटचे कागद तपासले. "पाचशे त्रेचाळीस," ते म्हणाले.

तक्तेसाहेब उठून टाळ्या वाजवायला लागले. मग त्यांची नजर वकीलबाईंकडे गेली आणि हात मधेच थांबले.

"वाजवा हो," वकीलबाई म्हणाल्या. "अर्धवट थांबलात तर जास्त वाईट दिसतं."

त्यांनी वाजवल्या, पण कान तापले ते बराच वेळ निवले नाहीत. आतापर्यंत त्यांना एकाच बाईसमोर मान खाली घालावी लागत होती. आता दोन झाल्या. शेवटी पेटी पुढे करून ते वकीलबाईंना म्हणाले, "हे एकदा बघता का? परत घेत नाहीत. उजव्या हाताचं आहे."

वकीलबाईंनी नवं पिस्तूल उचललं. ते हातात अगदी चपखल बसलं. मग त्यांनी नेम धरून पाहिला, वजन तोललं, ट्रिगर चाचपला.

काकांनी तक्तेसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "निवड अगदी अचूक आहे, साहेब," ते म्हणाले. "फक्त हात चुकला."

वकीलबाईंनी ते आहे त्या भावात घेतलं. पुढच्या शनिवारी बायको दुकानात गेली, तीन पिस्तुलं हातात धरली आणि अकराव्या मिनिटाला तिसरं घेतलं. ते तक्त्यात सातव्या क्रमांकावर होतं. त्याची डाव्या हाताची मूठ दुकानातच होती. तक्तेसाहेब पिशवी घेऊन दाराशी उभे होते. का, असं त्यांनी विचारलं नाही. तरी ती म्हणाली, "बसतंय."

दुकानदार तक्तेसाहेबांशी फार अदबीने वागला. तेही त्यांना सोसलं नाही.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी तक्तेसाहेब तिच्या आधी येऊन बसले होते. नेहमीच्या जागी नव्हे, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला. आता तिचा डावा कोपर मोकळा राहणार होता आणि त्यांचा उजवा. तक्ता न करता त्यांनी केलेली ही पहिलीच व्यवस्था होती. बायको कप घेऊन आली, क्षणभर घुटमळली आणि बसली. कोपराला कोपर लागला नाही. चहा सांडला नाही.

दहा दिवस एक वाक्य तक्तेसाहेबांच्या मनात घोळत होतं. त्याचे तीन मसुदे झाले होते. त्यांनी कप खाली ठेवला, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात ते म्हटलं.

बायको चहा पीत राहिली.

त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला. मग पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

"काय?" ती म्हणाली.

"माझं चुकलं," तक्तेसाहेब म्हणाले. खिडकी उघडी होती. समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्या शेजाऱ्याने हात थांबवून यांच्याकडे पाहिलं. "तू लिहून दिलं होतंस आणि मी वाचलं नाही. आणि एरवीही नाही."

आता तिने वळून पाहिलं. "ते होय. मला वाटलं, तुम्ही पुटपुटताय." तिने कप खाली ठेवला. "अहो, तुम्ही भलत्या बाजूला बसलात. या कानाने मला कमी ऐकू येतं. लहानपणी कानात गाठ झाली होती ना."

"केव्हापासून?"

"लहानपणापासूनच म्हणतेय ना. म्हणून तर मी नेहमी त्या बाजूला बसते. चहा सांडतो, पण तुमचं बोलणं ऐकू येतं."

तक्तेसाहेबांना खिशातला कागद आठवला. डाव्या हातात, डाव्या कानाला. अकरावी ओळ. पाहिलेली.

ते उठले, सोफ्याला वळसा घालून आपल्या जुन्या जागी आले आणि बसले. आता त्यांचा उजवा कोपर पुन्हा तिच्या डाव्या कोपराला लागत होता. त्यांनी जरा विचार केला आणि कप डाव्या हातात घेतला.

कप थरथरत तोंडापर्यंत गेला आणि कलंडला. पण या वेळी चहा फक्त त्यांच्याच शर्टावर सांडला.